पाणी काढलंय

९ नोव्हेंबर

काका,

मोजले. चोवीसच आहेत.

बारा सिलिंडरला स्पार्क प्लगची चोवीस भोकं! त्यातली बारा बूच मारून बंद केलीयेत आणि वरून काळा रंग फासलाय. इतकी वर्षं मी त्या इंजिनावरून फडकं फिरवत आले आणि मला वाटायचं, असेल त्या काळची काहीतरी फॅशन. माझ्या एवढ्या लांबलचक पत्राला तुम्ही एक ओळ पाठवलीत, ‘आधी प्लग मोज, मग इंजिनाबद्दल विचार’, तेव्हा खरं सांगू का, मला राग आला होता. म्हटलं, सख्ख्या पुतणीशी पहिल्यांदा बोलताय तर निदान ‘कशी आहेस’ तरी विचारा. पण मोजल्यावर राग पळाला.

फोरमवर फोटो टाकला. जुन्या अमेरिकन गाड्या जमवणारी जगभरची माणसं तिथे पडीक असतात, त्यांना दुसरा उद्योगच नसतो. लगेच एकाने लिहिलं की गाडी पिअर्स-ॲरो असली तरी हे पिअर्स-ॲरोचं इंजिन नव्हेच, आगीच्या बंबाचं आहे. कंपनी बंद पडल्यावर तिच्या इंजिनाचं डिझाइन बंबवाल्यांनी उचललं आणि पुढे कितीतरी वर्षं वापरलं. बंब आगीपर्यंत जाऊन बंद पडला तर कसं चालेल, म्हणून प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन प्लग.

म्हणजे आपल्या बेडकीच्या पोटात बंब आहे!

(बेडकी हे नाव तुम्हीच ठेवलंत ना? आत्या म्हणते, मडगार्डमधून वर आलेले ते दोन दिवे बघून तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होतात, ‘ही तर उडी मारायच्या तयारीत बसलीये.’)

जेवताना मी बाबांना विचारलं, प्लग चोवीस कसे?

“कोणी मोजायला सांगितले?”

“कोणी नाही. मीच मोजले.”

“मग आता मी सांगतो. मोजू नकोस.”

आणि ताट घेऊन उठले. आत्या माझ्याकडे बघून नुसती मान हलवत राहिली. तुमचा पत्ता तिनेच दिला, हे बाबांना माहीत नाही. मी तुम्हाला लिहिते हेही नाही.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की मला बेडकीचा इतिहास लिहायचाय म्हणून माहिती हवीये. ते अर्धंच खरं. उरलेलं असं की बंबाचं इंजिन उन्हाळ्यात जाम झालं. पार घट्ट. बाबा म्हणाले, आता माझ्या खांद्यात हे सगळं खोलायची ताकद नाही, आपण नव्या गाडीचं इंजिन बसवू, चावी फिरवली की चालू. वेल्डरशी बोलणंही झालंय. नवं इंजिन बसायला चासीवरचे, इंजिन धरणारे जुने ब्रॅकेट कापावे लागणार. आणि एकदा ते कापले की तिचं स्वतःचं इंजिन परत बसायचा विषयच संपला.

तिचं स्वतःचं इंजिन अजून तुमच्याकडे आहे का?

तुमची पुतणी

२१ नोव्हेंबर

काका,

‘आहे. त्याला म्हणावं, पाटी लावल्याचं कबूल कर आणि घेऊन जा.’

या वेळी दोन वाक्यं! प्रगती आहे.

पण मला पाटीचं काहीच माहीत नव्हतं. घरात मी लहानपणापासून एवढंच ऐकलंय की वाटणीच्या आधीच तुम्ही बेडकीचं इंजिन पळवलंत आणि आजोबा गेले तो दिवस सोडला तर परत तोंड दाखवलं नाहीत. म्हणून आत्याला पकडलं. तिने मटार सोलता सोलता सगळं सांगितलं. तुम्हाला ते पाठ असणार, पण मी काय ऐकलं ते लिहिते. चुकत असेल तर दुरुस्त करा.

आजोबांचा नियम असा की इथल्या बर्फाच्या थंडीत गाडी उभी केली की इंजिनातलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर रात्री ते गोठून इंजिन फुटतं. अँटीफ्रीझ त्यांना पसंत नव्हतं. ‘गाडीला औषधं कशाला पाजायची?’ पाणी काढलं की तेलाच्या डब्यातून कापलेली ती पत्र्याची पाटी स्टीअरिंगला अडकवायची: ‘पाणी काढलंय’. पाणी भरलं की पाटी दाराजवळच्या खिळ्यावर. मग कोणीही आलं तरी विचारायची गरज नाही.

त्या दिवशी तुम्ही सगळे बेडकीतून गाड्यांच्या प्रदर्शनाला गेला होतात. येताना गाडी तुम्ही चालवलीत. इंजिन तापलेलं, तापलेल्या इंजिनाचं पाणी काढायचं नाही हाही आजोबांचाच नियम. तुम्ही बाबांना म्हणालात, “थंड झाली की काढ, मी यांना घरी सोडून येतो,” आणि आजोबांच्या मित्रांना, म्हणजे आताच्या पॅकार्डवाल्यांना, घेऊन गेलात. बाबा जेवून गॅरेजमध्ये गेले तर पाटी स्टीअरिंगवर. त्यांना वाटलं, दादाने जाण्याआधीच उरकलं. दिवा मालवून आले. सकाळी इंजिनाच्या कुशीला भेग पडली होती. आत्या म्हणाली, “नखाने ओढावी तशी.”

तुम्ही म्हणालात, मी पाटी लावलीच नाही, यानेच लावली आणि पाणी काढायचं विसरला. बाबा म्हणाले, मी हात लावला नाही, यानेच लावली आणि पाणी तसंच ठेवून निघून गेला.

आत्याला विचारलं, तू कुठे होतीस? म्हणाली, “मी कशाला त्यांच्यात जाते? डब्याची पिशवी गाडीत राहिली होती, तेवढी आणायला गेले होते. भांडी घासायची होती मला.”

पुढे तुम्ही फुटलेलं इंजिन दुरुस्तीला घेऊन गेलात. बाबांना दम निघेना, त्यांनी भंगारातल्या बंबाचं इंजिन आणून बसवलं आणि आजोबांना गाडी चालवून दाखवली. ते कळल्यावर तुम्ही इंजिन परत आणलंच नाहीत.

एवढ्यावरून? काका, खरंच एवढ्यावरून?

तुमची पुतणी

ता. क. आजोबांच्या बाकीच्या गाड्यांचं काय झालं ते मला माहितीये. लिंकन विकली. पॅकार्ड पॅकार्डवाल्यांकडे गेली, आधी ते नुसते आजोबांचे मित्र होते, गाडी घेतल्यावर पॅकार्डवाले झाले. कॉर्ड एका बाईंनी घेतली, त्या अजून प्रदर्शनात भेटतात आणि मला दर वेळी तिचे लपणारे दिवे हँडल फिरवून वर काढायला देतात. फक्त बेडकी घरात राहिली. आजोबांनी ती एका जुन्या गोठ्यातून काढली होती म्हणे, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. ते खरं की आत्याने रंगवलं?

३ डिसेंबर

काका,

बाबांना तुमचा निरोप सांगितला. म्हणजे मी तुम्हाला लिहिते हेही सांगावं लागलं. कठीण गेलं.

बाबा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने नखातलं ग्रीस काढत बसले. मग म्हणाले, “इंजिन कसं आहे? विचारलंस?”

मला हसूच आलं. म्हटलं, “माणूस कसा आहे ते नाही विचारलंत.”

“माणूस कसा आहे ते मला माहितीये. अट काय घातलीये?”

सांगितली.

“हं. त्याला लिही, मी पाटी लावली नव्हती. मी मरेपर्यंत हेच सांगणार. त्याने स्वतः कबूल करावं. मग मी स्वतः जाऊन इंजिन आणतो, खांदा गेला खड्ड्यात.”

म्हणजे तुमचीच अट, फक्त उलटी! दोघं एकाच आईची मुलं आहात हे सांगायला दुसरा पुरावा नको.

मग मी आत्याला विचारलं, इंजिन खरंच कसं आहे? ती तुमच्याकडे दर महिन्याला येते, तिला माहीत असणार. म्हणाली, “मी गेले की दादा आधी मला तिथेच नेतो. भेगेला टाके घातलेत, हात फिरवलास तरी लागणार नाहीत. मग दांडी घालून दोन फेरे फिरवतो, जाम होऊ नये म्हणून. मग चहा विचारतो.”

टाके घालण्याबद्दल मी वाचलंय. भेगेच्या वाटेवर भोकं पाडत जायची, प्रत्येकात पीळ पाडलेली पिन बसवायची, पुढचं भोक आधीच्या पिनेवर थोडं चढवायचं. वेल्डिंग नाही, उष्णता नाही. बिडाच्या ओतीव लोखंडाला उष्णता दिली की शेजारी नवी भेग. तुम्ही एकट्याने केलंत? किती महिने लागले?

आणि जी गाडी तुमच्याकडे नाही तिचं इंजिन तुम्ही इतकी वर्षं फिरवत का ठेवलंत? याचं उत्तर एका ओळीत देऊ नका प्लीज.

पॅकार्डवाले परवा आले होते. बाबांचा बेत ऐकून ते चक्क खुर्चीत बसले. “पिअर्स-ॲरोत डब्बा इंजिन? अरे, आजीच्या तोंडात प्लास्टिकचे दात बसवतात तसं झालं.”

बाबा म्हणाले, “आजीला चावता येतं ना पण?”

“चावता येतं, पण फोटो काढायला तोंड उघडत नाही.”

हसले दोघं. पण पॅकार्डवाल्यांनी जाताना बॉनेटवरच्या त्या तिरंदाजाच्या छोट्या मूर्तीला निरोप घेतल्यासारखं बोट टेकवलं, आणि बाबांनी ते बघितलं, आणि मग दिवसभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांनाही कापायचं नाहीये, काका. पण त्यांना ती चालवायचीये. या वयात ती नुसती उभी बघवत नाही त्यांना.

वेल्डर वीस तारखेनंतरच्या सोमवारी येणार.

तुमची पुतणी

११ डिसेंबर

काका,

‘त्याने खोटं बोलायचं थांबवावं.’ बस? एवढंच?

ठीक आहे. मग माझंही थोडक्यात.

बाबा खोटं बोलत नाहीत. ते हट्टी आहेत, चिडके आहेत, बंबाच्या इंजिनाला काळा रंग फासणारे आहेत. पण माझ्या लहानपणी त्यांनी रिव्हर्स घेताना शेजाऱ्यांची कुंडी फोडली आणि कोणी बघितलं नसताना बेल वाजवून सांगून आले. असा माणूस एका पाटीसाठी इतकी वर्षं खोटं बोलेल?

आणि तुम्हीही बोलत नसाल. आत्या तुम्हाला ओळखते आणि ती म्हणते, “दादा मेला तरी खोटं बोलायचा नाही, म्हणून तर त्याचं कोणाशी पटत नाही.”

मग पाटी स्टीअरिंगवर गेली कशी? मी इंजिनिअरिंगला आहे, मला भुतं चालत नाहीत.

तुमची पुतणी

१८ डिसेंबर

काका,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता लिहितेय तसं जाऊ देणार.

काल कडाक्याची थंडी पडणार असं सांगत होते. बंबाचं इंजिन जाम असलं तरी त्यात पाणी आहे, तेही फुटायला नको म्हणून मी दुपारी पाणी काढायला गेले. खिळ्यावरची पाटी काढली आणि हाताशी असावी म्हणून फुटबोर्डवर ठेवली. मग बादली आणायला मागच्या खोलीत गेले. बादलीत आत्याने फडकी भिजत घातली होती, ती पिळून काढेपर्यंत थोडा वेळ गेला.

परत आले तर आत्या गॅरेजमध्ये. माझ्यासाठी चहा घेऊन आली होती. पाटी फुटबोर्डवरून घसरून खाली पडली होती. आत्याने चहा बाकावर ठेवला, वाकली, पाटी उचलली, पदराने पुसली आणि खिडकीतून हात घालून स्टीअरिंगला अडकवली.

“काय गं हा पसारा! वस्तू जागच्या जागी ठेवायला काय होतं तुम्हाला?”

मी बादली घेऊन दारातच उभी.

तेवढ्यात माझ्या मागून बाबा आले. आत डोकावले, स्टीअरिंगकडे बघितलं आणि म्हणाले, “पाणी काढलंस वाटतं? शाबास.” आणि गेले.

काका, नळाला मी अजून हातही लावला नव्हता.

चहा घेताना मी आत्याला शक्य तितक्या सहज विचारलं, “ही पाटी आधीपण अशी पडायची का गं?”

“सदान्कदा! तुझे आजोबा शिस्तीचे, पण गाडीत पाणी भरून निघायची घाई झाली की पाटी मागच्या सीटवर भिरकावणारे पण तेच. दार उघडलं की पायावर यायची. एकदा डब्याची पिशवी काढताना अशी अंगठ्यावर पडली, नख काळं झालं होतं माझं. मग काय, उचला आणि लावा. ते तिघं वाकतील तर शपथ.”

“लावायचीस कुठे?”

“कुठे म्हणजे? तिच्या जागी. स्टीअरिंगवर.” आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, “चहा निवतोय तुझा.”

तिच्या लेखी ते शोभेच्या वस्तूसारखं आहे. आजोबांनी नियम मुलांना शिकवला, मुलीला कोणी सांगितलाच नाही. गाडी तिला कोणी चालवायला दिली नाही, मग पाणी काढायला कोण शिकवणार? तिने ती पाटी थंडीभर स्टीअरिंगवर लटकलेली बघितली, म्हणजे तिची जागा तीच. खिळा तिच्या लक्षातही नाही. आणि त्या संध्याकाळी डब्याची पिशवी आणायला गाडीपाशी तीच गेली होती.

मी नंतर एकटीने पाणी काढलं. पितळी नळ आधी फिरेना, मग फिरला. बादली भरेपर्यंत बघत बसले. पाटी स्टीअरिंगवरच होती, आता ती खरं बोलत होती.

तर तुम्ही खोटं बोलला नाहीत. बाबाही नाहीत. बाबांनी पाटी खरंच बघितली होती आणि तुम्ही ती खरंच लावली नव्हती. तुम्हा दोघांचं बरोबर होतं, आणि त्यामुळेच तर इतकं वाढलं.

आता माझी पंचाईत ऐका. बाबांना हे सांगितलं तर ते त्याच दिवशी टेंपो घेऊन तुमच्या दारात उभे राहतील. ब्रॅकेट वाचतील. पण बाबांच्या पोटात काही राहत नाही, आत्याला कळणारच. आणि काका, तुम्हा दोघांमध्ये ये-जा करणारी एवढी एकच आहे. तुमच्या घरून आली की बाबांना सांगते, “दादा बारीक झालाय,” आणि बाबा म्हणतात, “मला कशाला सांगतेस?” आणि मग विचारतात, “किती बारीक?” आजोबा गेले तेव्हा तुम्ही दोघं दोन बाजूंना उभे होतात आणि ती मधे. ती अजून म्हणते, आमच्या घराला कोणाची दृष्ट लागली देव जाणे. ती दृष्ट म्हणजे आपणच, आपला पदर आणि आपली टापटीप, हे तिला आता या वयात सांगायचं? ती रडणार नाही. ती नुसती वस्तू आवरायची बंद होईल. मला ते बघवणार नाही.

आणि नाही सांगितलं तर सोमवारी वेल्डर येतोय. मी त्याला पुढे ढकलायला सांगितलं तर म्हणाला, “ताई, तुमच्या वडिलांनी सांगितलं तर ढकलतो.”

मांजराने पाडली म्हणावं तर मांजर पाटी पाडेल, लावणार नाही.

एक वाट उरते, ती लिहायला मला भीती वाटतेय. तुम्ही बाबांना फोन करून म्हणायचं, ‘पाटी मीच लावली होती, माझ्या लक्षातून गेलं.’ बाबांनी तसं म्हणून चालणार नाही, खोटं बोलायला गेले की त्यांचे कान लाल होतात. शिवाय त्यांना खरं कळलं की आत्याला कळलंच. तुम्हाला मात्र आता कळलंय, आणि तुमच्या पोटात गोष्टी राहतात, इतकी वर्षं एक अख्खं इंजिन राहिलंय. मी मागतेय ते काय आहे हे मला कळतं. जे केलंच नाही असं सांगत तुम्ही घर सोडलंत, तेच केलं म्हणायचं. पण आता ते बाबांपुढे हार मानणं राहिलेलं नाही ना? बाबा खोटं बोलत नव्हते, मग हरायचं कोणाशी?

माझ्या डोक्यात आत्ता दोन्ही बाजू सारख्याच जड आहेत. आत्याला खरं कळायचा हक्क आहे असंही वाटतं, तिला नेहमी सगळ्यांनी गाडीबाहेरच ठेवलं, आता मीही तेच करतेय का, असंही वाटतं. पण ती माझी आत्या व्हायच्या कितीतरी आधीपासून तुमची धाकटी बहीण आहे. अंगठ्याचं नख काळं झालं तेव्हा फुंकर तुम्हीच घातली असेल.

म्हणून तुम्हालाच विचारते. या वेळी एका ओळीत उत्तर दिलंत तरी चालेल, फक्त सोमवारच्या आत द्या. तिला खरं सांगणं बरोबर, की तुम्ही तिच्यासाठी एकदा खोटं बोलणं? तुम्हाला काय वाटतं, काका?